ओ साहेबांचा केक

“आणि आत काय होतं?” मी विचारलं.

“आत पांढरं होतं.”

“पांढरं म्हणजे कसं? सायीसारखं?”

मन्मथ खुर्चीत बसून बूट काढत होते. एक बूट हातात धरून ते थांबले. “साय नाही गं. साय पातळ असते. हे चांगलं बोटभर जाड. दाबलं की आत जायचं अन् सोडलं की सावकाश वर यायचं. श्वास घेतल्यासारखं.”

मी डोळे मिटून घेतले. खिडकीला सासूबाईंची जुनी इरकल साडी पडदा म्हणून लावली होती. तिच्यातून गाळून आलेला दुपारचा उजेड खोलीभर जांभळा पसरायचा. बाहेर वीजकेंद्राची घरघर चालू होती. वसाहतीत राहणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, कानाला सवय होऊन जाते. पण दिवसभर पलंगावर पडून राहिलं की ती परत ऐकू यायला लागते. आधी भिंतीतून, मग पलंगाच्या लाकडातून, मग थेट उशीतून.

“अन् वरून?”

“वरून चॉकलेट. सारवल्यासारखं. कालही सांगितलं की तुला.”

“काल बोटभर म्हणाला नव्हतात. काल नुसतं जाड म्हणाला होतात.”

ते हसले आणि दुसरा बूट काढायला वाकले. आपल्या बायकोला दिवसातून एवढं एकच काहीतरी ऐकावंसं वाटतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून ते रोज सांगत आणि रोज थोडी भर घालत.

आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा चौथा महिना ओलांडला नव्हता. या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सक्त सांगितलं होतं, पलंगावरून उठायचं नाही. पलंगाच्या पायथ्याखाली विटा लावल्या होत्या, त्यामुळे माझे पाय वर आणि डोकं खाली. त्या उतारावर सतत पडून राहिलं की झोप कुठं संपते आणि जाग कुठं सुरू होते ते कळेनासं होतं. त्यात पोटात काही ठरत नव्हतं. भाताची पेज, ताक, मुगाचं कढण, जे घ्यावं ते बाहेर. डॉक्टरीणबाई माझं मनगट दोन बोटांत धरून म्हणाल्या होत्या, “अशी वाळत गेलीस तर लातूरला दवाखान्यात ठेवावं लागेल. आणि तरी मी खात्री देणार नाही.”

असं सगळं चाललं असताना मन्मथनी तो केक पाहिला.

केंद्रात नवा संच बसवायचं काम चालू होतं. त्यासाठी कोरियाहून काही साहेब आले होते आणि वसाहतीच्या टोकाला असलेल्या गेस्ट हाउसमध्ये राहत होते. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर साहेबांचं आडनाव होतं ओ. नुसतं ओ. केंद्रात कुणी “ओ साहेब” म्हणून कुणालाही हाक मारली की ते मान वर करायचे, आणि सगळे हसले की तेही हसायचे. मन्मथ त्यांच्या हाताखाली कंट्रोल रूममध्ये होते. एके दिवशी चहाच्या वेळी ओ साहेबांनी खिशातून लाल पाकीट काढलं, त्यातला गोल केक मोडला आणि अर्धा मन्मथच्या हातावर ठेवला. मन्मथनी विचारलं, “एग?” साहेबांनी हो म्हटलं. मग यांनी तो अर्धा तुकडा हातात फिरवून पाहिला, वास घेतला आणि मोठ्या अदबीनं परत दिला.

घरी येऊन त्यांनी मला ते गंमत म्हणून सांगितलं. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना.

हे आत्याबाईंना सांगण्याची सोय नव्हती. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माझ्या आत्याबाई, जगदेवीबाई, मांजरेच्या काठच्या गावाहून माझं करायला आल्या होत्या. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोट घेत नसत. शेजारच्या क्वार्टरमध्ये आम्लेटचा वास सुटला की आमच्या खिडक्या लागत. ‘अंडं’ हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. बोलायची वेळच आली तर त्या ‘ते’ म्हणत.

त्या माझं सगळं करत. केस विंचरत, अंग पुसत, ओकारीचं भांडं उचलत. पण बोलत नसत. माझ्या केसांतून फणी फिरवताना त्यांचा हात मधेच थांबायचा, आणि मला वाटायचं, आता ह्या मनात ठरवत असतील. एकुलता एक मुलगा आहे. पाच वर्षं वाट पाहिली. आता आणखी किती पाहायची? मी डोळे उघडून वर पाहायची नाही. त्यांचा चेहरा मला उलटा दिसायचा आणि उलट्या चेहऱ्यावरचं काही वाचता येत नाही.

आणि मग मला स्वप्न पडायला लागलं. दुपारचं, त्या जांभळ्या उजेडातलं. स्वप्नात मी त्या पांढऱ्याच्या आत असायची. सगळीकडं मऊ, कोमट, पांढरं. पाय टेकला की आत जायचा आणि सावकाश वर यायचा. वर कुठंतरी काळसर आभाळ असायचं आणि त्यातून गोड वास गळत यायचा. मला तिथं भूक लागलेली असायची. खरोखरची भूक, जी जागेपणी मी विसरून गेले होते.

एका दुपारी जाग आली तेव्हा आत्याबाई पलंगाशी खाली बसून माझ्याकडं पाहत होत्या.

“झोपेत काय मागू लागलीस?”

“मी? काही नाही.”

“हात पुढं करून मागू लागलीस. परवाबी मागत होतीस. काय पाहिजे?”

मी भिंतीकडं तोंड केलं. त्या उठल्या नाहीत.

“नंदा. तोंडानं सांग.”

त्यांनी मला नावानं हाक मारलेली मला आठवत नव्हती. नेहमी ‘सूनबाई’ किंवा नुसतं ‘ऐकलं का’.

“ते ओ साहेब आहेत ना,” मी भिंतीला सांगितलं, “त्यांच्याकडं एक केक असतो. परदेशातला. पाकिटातला.”

“ओ साहेब म्हणजे कोण? नाव नाही का त्याला?”

“नावच ओ आहे.”

त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

“अन् त्यात,” मी म्हणाले, “त्यात ते असतं, आत्याबाई.”

मग त्यांच्या बांगड्या वाजल्या, त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदूळ निवडायला बसल्या. सुपातले खडे वाटीत पडल्याचा आवाज येत राहिला. मला वाटलं, झालं. आता त्यांना कारणही मिळालं.

दुसऱ्या दिवशी मन्मथ सकाळीच कामावर गेले. दुपारी मी अर्धवट झोपेत असताना ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला, नंतर दाराची कडी वाजली. मी हाक मारली. उत्तर आलं नाही. आल्यापासून त्या एकट्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. देवळात जायचं तरी मुलगा बरोबर लागायचा. पडद्याची कड बोटानं सरकवून मी पाहिलं तर रस्त्यावरून त्या चालल्या होत्या. लग्नाकार्यात नेसायचं ठेवणीतलं लुगडं, डोक्यावर पदर आणि काखेत पितळी डबा. त्यांच्या अंगावर राखेचे बारीक कण पडत होते. वसाहतीत ती राख नेहमीच उडायची. उन्हात ती चांदीसारखी दिसायची. त्या चांदीतून चालत त्या गेल्या आणि वळणावर दिसेनाशा झाल्या.

मला वाटलं, गावी निघाल्या. डबा वाटेत खायला.

मी उठू शकत नव्हते. पडून राहिले. आणि त्याच वेळी घरघर थांबली. नव्या संचाच्या चाचणीसाठी मधूनच सगळं बंद करत असत, पण मला त्या क्षणी ते आठवलं नाही. एवढी शांतता मी त्या घरात कधी ऐकली नव्हती. बाहेर कडुलिंबावर होला घुमत होता. नळाचा थेंब पडत होता. आणि त्या शांततेत माझ्या पोटात खोल कुठंतरी बुडबुडा फुटल्यासारखं झालं. मी श्वास रोखून वाट पाहिली. परत झालं नाही. झालं होतं की मला वाटलं होतं, तेही सांगता आलं नसतं.

घरघर परत सुरू झाली, आणि थोड्या वेळानं कडी वाजली.

आत्याबाई आत आल्या, चपला काढल्या, पाय धुतले. मग माझ्यापाशी बसून डबा उघडला. आत एकच लाल पाकीट होतं. त्यावर काड्या आणि गोल मांडून ठेवावेत तशी अक्षरं होती. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, फाडायचं कुठून ते त्यांना कळेना, तेव्हा विळी आणून एक कोपरा कापला. केक ताटलीत ठेवून ताटली माझ्या छातीवर ठेवली.

“खा.”

“आत्याबाई…”

“आधी खा. मग बोल.”

मी घास घेतला. वरचं चॉकलेट दातांना चिकटलं आणि आतला केक थोडा कोरडा होता, शिळ्या पोळीच्या लाडवासारखा भुगा झाला. पांढरं बोटभर नव्हतंच. नखाएवढी एक पातळ चकती, चिवट, ओढली तर ताणली जाणारी. त्याला गोडाशिवाय चवच नव्हती. मी हळूहळू चावत राहिले आणि नेहमीसारखं पोटातून काही वर येतंय का याची वाट पाहत राहिले. आलं नाही.

“कसंय?”

“गोड आहे.”

“मनात होतं तसंच?”

खोटं बोलावंसं वाटलं, पण जमलं नाही. “नाही. मनातलं वेगळं होतं.”

मला वाटलं त्या चिडतील. त्यांनी नुसती मान हलवली. “असू दे. मनातलं मनात राहिलं की सडतं. तोंडात आलं की संपून जातं.” मग पडद्याकडं बघत, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं म्हणाल्या, “मला वाळल्या माशाचे डोहाळे लागले होते.”

माझं तोंड चालायचं थांबलं.

“चाव, चाव. आमच्या घरामागं भोयांची घरं होती. नदीचे मासे वाळवायचे अन् चुलीवर भाजायचे. वारा आला की वास घरात. सगळे नाकाला पदर लावायचे. अन् मी न्हाणीत जाऊन, झरोक्याला नाक लावून उभी राहायची.”

“मग?”

“मग काय. सासूला सांगितलं. सोळा वर्षांची येडी पोर. तिनं काही मारलं नाही मला. तोंडात गोमूत्र घातलं, साऱ्या घराला ऐकवलं अन् मन ताळ्यावर येईस्तोवर ताट वाढायचं बंद केलं. आलं ताळ्यावर. इतकं आलं की मग कशाचंच मन होईना. वाढलं तरी घास उतरेना. तुझ्यासारखंच.”

“तेव्हा मन्मथ…”

“मन्मथ नाही. त्याच्या आधीची. पोरगी होती.” त्यांनी तळहात उलगडून माझ्यापुढं धरला. “एवढीशी. तोंड उघडून सारखी हवा चोखायची. माझ्या अंगावर दूध कुठलं?”

त्यांचा हात तसाच उघडा राहिला. रोज सकाळी त्या हातावर लिंग ठेवून त्या पूजा करत, तोच हात.

“त्यानंच झालं असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “कशानं झालं ते वैजनाथाला ठाऊक. पण भुकेली गेली एवढं मला ठाऊक आहे.”

“यांना माहीत आहे?”

“कोण सांगणार? ज्यांना माहीत होतं ते सगळे गेले.”

“नाव काय होतं तिचं?”

“बारशाआधीच गेली. नाव कुठलं?” त्यांनी ताटली माझ्याकडं सरकवली. “राहिलंय तेवढं संपव.”

मी संपवलं. माझ्या ओठाच्या कडेला चॉकलेट लागलं होतं ते त्यांनी अंगठ्यानं पुसलं आणि अंगठ्याकडं पाहत उभ्या राहिल्या. मग ताटली घेऊन मोरीकडं गेल्या. नळ सुरू झाल्याचा आवाज मात्र बऱ्याच वेळानं आला.

संध्याकाळी मन्मथ घरी आले ते दारातूनच म्हणाले, “आई कुठाय?”

आत्याबाई स्वयंपाकघरात भाकरी थापत होत्या. मन्मथ माझ्यापाशी येऊन हलक्या आवाजात सांगायला लागले. गेस्ट हाउसचा स्वयंपाकी हमीदभाई त्यांना वाटेत भेटला होता आणि त्यानं त्यांना हात धरून थांबवलं होतं.

गेस्ट हाउसच्या पायऱ्यांशी उभं राहून आत्याबाईंनी हाक मारली होती, “ओ साहेब! ओ साहेब!” हमीदभाई धावत आला आणि म्हणाला, “अम्मा, किसको बुलाते?” त्या म्हणाल्या, “ओ साहेबाला.” तोवर साहेब स्वतःच बाहेर आले होते. त्या दिवशी त्यांची सुट्टी होती. आत्याबाईंनी बोटांनी गोल करून दाखवला, मग दोन्ही हात पोटापुढं धरून दाखवले, मग रिकामा डबा उघडून पुढं केला. साहेबांना काय ते कळलं. ते आत गेले. त्यांच्याकडं एकच केक उरला होता, आणि तो त्यांनी घरी परत जायच्या दिवशी, विमानात बसल्यावर खायला म्हणून ठेवला होता.

“तो दिला?” मी विचारलं.

“दिला. पण देण्याआधी हमीदभाईला सांगितलं, बाईंना नीट समजावून सांग. ह्यात अंडं आहे. अन्…” मन्मथनी आवाज आणखी खाली आणला. “अन् ते पांढरं असतं ना, ते कशानं घट्ट होतं माहितीय? जनावराची हाडं उकळून. साहेबांना ठाऊक होतं ना, आपल्या इकडं लोक खात नाहीत ते. हमीदभाई म्हणाला, मैंने अम्मा को दो बार बोला.”

“मग आत्याबाई काय म्हणाल्या?”

“आई म्हणाली, पोटातल्या लेकराला बाधतंय का त्यानं? साहेब म्हणाले, नाही, माझी तिन्ही मुलं हेच खाऊन मोठी झालीत. तर आई म्हणाली, मग दे म्हणावं.”

ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती.

“आई, तुला माहीत होतं?”

भाकरीवर पडणारे थाप थाप आवाज थांबले नाहीत. “भाकरी गार होऊ लागलीय,” आत्याबाई म्हणाल्या. “हात धू. अन् तिलाबी ताट कर. आज जेवणार आहे ती.”

“तिच्या पोटात काही राहत नाही, आई.”

“कर म्हणते ना.”

मन्मथनी ताट आणलं. ज्वारीची गरम भाकरी, शेंगांची चटणी, वर दही. मी कुशीवर वळून एका हातानं खाल्लं. चतकोर भाकरी गेली. मग त्यांनी आणखी चतकोर मोडून ठेवली, तीही गेली. दोघं मायलेक माझ्याकडं पाहत बसले होते.

त्यानंतर मला ते स्वप्न पडलं नाही. चौथा महिना सरला, पाचवा सरला. आत्याबाई पूर्वीइतक्याच कमी बोलत, पण फणी फिरवताना त्यांचा हात थांबला की मी आता डोळे उघडून वर पाहायची. नवा संच सुरू झाला आणि कोरियाचे साहेब आपापल्या घरी गेले. जायच्या आदल्या दिवशी आत्याबाईंनी मन्मथच्या हातून शेंगदाण्याच्या पोळ्यांची चवड गेस्ट हाउसला पाठवली. विमानात खा म्हणून सांग, म्हणाल्या.

उन्हाळा संपता संपता मला मुलगी झाली. भरल्या दिवसांची, भरल्या अंगाची. पहिल्या रडण्यालाच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हिला भूक लागली आहे.”

बारसं आम्ही वसाहतीतच केलं. माझी आई आली होती, चुलत सासूबाई आल्या होत्या, आजूबाजूच्या क्वार्टरमधल्या बायका जमल्या होत्या. पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या. मग कुणीतरी विचारलं, कानात नाव कोण सांगणार? तो मान बाळाच्या आत्याचा. मन्मथ तर एकुलते एक.

“चुलत आत्याला बसवा,” माझी आई म्हणाली. “तीही आत्याच की.”

“चुलत कशाला?” आत्याबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. “सख्खी आहे.”

बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. मन्मथ दारात पुरुषमाणसांबरोबर उभे होते, ते आत आले. “कोण सख्खी, आई?”

आत्याबाई उठून पाळण्यापाशी आल्या. “तुझ्या आधी एक होती,” त्या म्हणाल्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, आणि मन्मथकडं सरळ बघून म्हणाल्या. “बहीण होती तुला. बारसं व्हायच्या आत गेली. तिचा मान आहे हा. तिच्या वतीनं मी सांगते.”

मन्मथ माझ्याकडं पाहायला लागले. मी मान हलवली. ते तिथंच, बायकांच्या मधे, खाली बसले.

आम्ही दोघांनी प्राजक्ता हे नाव ठरवलं होतं. ते मी त्या क्षणी सोडून दिलं.

आत्याबाई पाळण्यावर वाकल्या. पदराचा आडोसा करून त्यांनी मुलीच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, “चंद्रकला.” मग सरळ झाल्या. पाळण्याची दोरी हातात तशीच धरून, कुणाकडंच न पाहता, त्यांनी ते नाव आणखी एकदा घेतलं. या वेळी आवाज जरा मोठा होता, लांब खेळत राहिलेल्या पोरीला जेवायला हाक मारावी तसा.